उजव्या बाजूचा आवाज

कशेळीत काळूराम भोईर कुठे राहतो असं विचारलं, तर लोक क्षणभर विचारात पडतील. 'कालू साऊंड' म्हणा, मग खाडीपासून अंजूर फाट्यापर्यंत कोणीही घराच्या दारात आणून सोडील. तीस वर्षं त्याने या पट्ट्यातल्या हळदी वाजवल्या. इकडे लग्नाला पाहुणे कमी आलेले एकवेळ खपतात, पण हळदीला स्पीकरचे बॉक्स कमी पडले तर पोरीच्या बापाला वर्षभर टोमणे खावे लागतात. एकावर एक रचलेले काळे बॉक्स, समोर नाचून नाचून घामाने भिजलेलं अर्धं गाव, आणि मागे कमरेला टॉर्च अडकवून मिक्सरवर बोटं ठेवलेला काळूराम. नवरा कोण, नवरी कोण, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसे. कुठल्या बॉक्सचा पडदा फाटत आलाय, हे मात्र तो डोळे मिटून सांगायचा.

या माणसाची बायको धवलारीण असावी, याची गावाला भारी गंमत वाटे. धवलारीण म्हणजे गाण्यातून लग्न लावणारी बाई. गावदेवी, खाडी, घरातले गेलेले-सवरलेले, सगळ्यांना नावानिशी हाका मारून ती मांडवात बोलावते, आणि मग कुठे नवरीला हळद लागते. सीताबाई या कामात पंचक्रोशीत नावाजलेली. माहेर कोन गावचं, आणि जोडीला त्याच गावची हौसा, लहानपणापासूनची मैत्रीण. धवले, म्हणजे ही गाणी, एकटीने गात नाहीत. एक ओळ उचलते, दुसरी तिला धरून ठेवते. सीताबाई उचलायची, हौसा धरायची.

एकाच मांडवात नवरा कान फोडायला बसलेला आणि बायको देवांना बोलवायला, असा तो संसार. पण सीताबाईने हात वर केला की काळूराम सगळे बॉक्स बंद करायचा. नाचणारी पोरं बोंब मारायची, कोणाचा तरी मामा दारूच्या तारेत अंगावर यायचा, पण धवले संपेपर्यंत काळूरामने बटणाला बोट लावलं नाही. एका मेव्हण्याने त्याच्यावर खुर्ची उगारली होती, तरीही नाही. प्रेमाची भाषा त्याला येत नव्हती. बायकोसाठी आवाज बंद ठेवणं येत होतं, ते त्याने जन्मभर केलं.

सीताबाई आठ वर्षांपूर्वी गेली. घशाचा कॅन्सर. उन्नतीचं, त्यांच्या लेकीचं लग्न झालं, त्यानंतर दीड महिन्याने निदान झालं, आणि पुढच्या पाच महिन्यांत सगळं आटोपलं. बारावं-तेरावं उरकल्यावर काळूरामने बॉक्स, मिक्सर, वायरींची पेटी, सगळं एका दिवसात विकून टाकलं. धंदा का बंद केलास म्हणून विचारणाऱ्यांना तो सांगायचा, "कान गेलं." ते अगदीच खोटं नव्हतं. बॉक्ससमोर आयुष्य काढल्याने त्याच्या कानात बारीक शिट्टी वाजे, आणि हेडफोन चढवला की ती इतकी वाढे की त्याला भोवळ यायची.

एक वस्तू मात्र त्याने विकली नाही. लोखंडी कपाटात, सीताबाईच्या साड्यांखाली, एक पेन ड्राइव्ह होता. उन्नतीच्या हळदीचे धवले त्याने मिक्सरवरून थेट त्यात उतरवून घेतले होते. सीताबाईचं तेवढंच एक रेकॉर्डिंग. इतर लग्नांत कोणी कोणी मोबाईलवर काढलेलं होतं, पण त्यात पोरांच्या शिट्ट्याच जास्त. काळूरामच्या मुलाने, कुणालने, पेन ड्राइव्हवरचं गाणं फोनमध्ये घालून दिलं होतं. फोनच्या त्या चिमुकल्या तोंडातून दोन बायकांचा मिळून एकच पातळ आवाज निघे. मध्येच गर्दीतला कोणी पुरुष ओरडे, पण त्याचे शब्द फोनवर लागत नसत. काळूराम तो कानाशी धरून बसायचा आणि मनाशी म्हणायचा, थांब, तुला मी नीट ऐकणार आहे.

कारण त्याने त्या दिवशी एक हुशारी केली होती. सीताबाईचा माईक त्याने उजव्या बाजूला टाकला होता आणि हौसाचा डाव्या. पुढेमागे एखादीचा आवाज कमी-जास्त करायचा झाला तर करता यावा म्हणून. म्हणजे चांगल्या मशीनवर लावून डावी बाजू बंद केली, की सीता एकटी गाणार. हे त्याने आठ वर्षं मनात जपून ठेवलं होतं. रोज उद्या म्हणत राहिला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. एकदा ऐकलं की ऐकायचं शिल्लक काय राहणार?

या वर्षी कुणालने नवा बंगला बांधला. जमिनीवर गोदामं उभी राहिलेली, भाडं येतं, मग बंगल्याला दुसरा मजला आणि दुसऱ्या मजल्यावर थिएटरची खोली हवीच. भिंतींना मऊ कापड लावून झालं, मोठा पडदा आला, स्पीकर आले. राहिला तो रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं मुख्य मशीन.

"आबा, ते तूच निवड," कुणाल म्हणाला. "मला पिक्चरसाठी पाहिजे, तुला गाण्यासाठी. दोन्ही एकातच झालं पाहिजे. तुझ्याइतकं कोणाला कळतंय?"

काळूरामने मान हलवली, आणि त्याच संध्याकाळी त्याने न राहवून उन्नतीला फोन केला. ती डोंबिवलीला दिलेली.

"घरभरनीला ये. तुजे आयसला आईकवतो. एकटीला. मी तिचा आवाज येगला ठेवलाय."

पलीकडून उन्नती रडत रडत म्हणाली, "आबा, माझ्या हळदीला मी नुसती रडत होते रे. आई काय गायली ते मला एक अक्षर आठवत नाही. सगळ्या जगाच्या पोरींना तिनं हळद लावली आणि माझ्याच वेळचं मी ऐकलं नाही."

"आईकवतो म्हनलं ना," काळूराम म्हणाला. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

कल्याण रोडला प्रितेशचं दुकान. पूर्वी काळूराम त्याच्याकडूनच बॉक्सचे पडदे घ्यायचा. आता दुकानाला काच आली होती आणि आत थंडगार ऐकायची खोली. काळूराम कुणालला घेऊन आत शिरला तशी प्रितेशने खुर्ची सोडली. "कालूकाका! अरे, आपने तो आना ही छोड दिया. बसा, बसा."

पहिलं मशीन प्रितेशने दाखवलं ते नुसतं गाण्यांचं. दोनच स्पीकर चालवणारं, समोर भक्कम बटणं. काळूरामने बोट फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. आवाज, खर्ज, आणि शेवटी बॅलन्सचं बटण. डावीकडे फिरवा, डावं वाजेल. उजवीकडे फिरवा, उजवं.

"आबा, यात पिक्चर काय ऐकणार?" कुणाल म्हणाला. "मागचे स्पीकर कशाला लावलेत मग? उदबत्त्या खोचायला?"

दुसरं मशीन थेट सिनेमाचं. प्रितेशने एक मारामारी लावली. काच फुटली ती काळूरामच्या पाठीमागे, हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. कुणाल लहान पोरासारखा हसला. मग काळूरामच्या सांगण्यावरून एक जुनं भावगीत लावलं, तर बाईचा आवाज सगळ्या भिंतींतून एकदम यायला लागला.

"ह्यो काय परकार? बाई गाते का गर्दी?"

"काका, मशीन सगळ्या स्पीकरमध्ये वाटून देतं ना."

"कोनी सांगितलं वाटाया? नि बॅलन्सचा बटन कुठं हाय?"

"याच्यात नाहीये, काका. आता कोण मागतच नाही."

काळूरामने नाक मुरडलं. ज्या मशीनला डावं-उजवं बंद करता येत नाही ते त्याच्या लेखी मशीनच नव्हे, खोकं होतं. प्रितेशने मग कपाटातून तिसरं काढलं. याला सिनेमा येत होता आणि गाणंही. एक बटण दाबलं की सगळी कारागिरी बंद, जसं रेकॉर्ड केलंय तसं सरळ दोन स्पीकरांतून. बॅलन्सही होता, बटण नव्हतं, पण रिमोटवरून पडद्यावर एक पट्टी यायची, ती सरकवायची. कुणालची मारामारी याच्यावरही दणक्यात वाजली आणि भावगीतातली बाई समोर येऊन एकटी उभी राहिली. दोघा बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्योच," काळूराम म्हणाला, आणि त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला.

तेवढ्यात कुणालचा फोन वाजला. गोदामावर कंटेनर आडवा लागला होता आणि मागे सगळं ट्रॅफिक तुंबलं होतं. तो ओरडतच बाहेर गेला. खोलीत काळूराम आणि प्रितेश दोघेच उरले.

आधी त्याने दोन्ही बाजू ऐकल्या. मांडव उभा राहिला त्या खोलीत. बांगड्या, ताटाची खणखण, आणि धवल्याची ती लांब, संथ ओळ. इतका स्वच्छ आवाज त्याने आठ वर्षांत ऐकला नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला अभिमानही वाटला; काम चोख केलं होतं त्याने.

"आता डावा बंद कर," तो म्हणाला.

प्रितेशने पट्टी सरकवली.

गाणं लांब गेलं. बंद झालं नाही, पण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तो हौसाचा आवाज होता, तिच्या माईकपाशी न राहता सीताबाईच्या माईकमध्ये सांडलेला. जवळ होती ती फक्त बांगड्यांची किणकिण आणि श्वास. काळूराम पुढे वाकला. सीताबाईने ओळ उचलली. पहिले दोन शब्द आले, खरखरीत, चिरलेले, आणि तिसऱ्यावर नुसती हवा. मग गिळल्याचा आवाज. पुन्हा ओळ, पुन्हा हवा. लांबून हौसाने ओळ उचलली आणि पुढे नेली. उचलणारी हौसा झाली होती. सीताबाई नुसते ओठ हलवत होती.

"माईक खराब असेल, काका," प्रितेश हळूच म्हणाला.

आणि त्याच क्षणी स्पीकरमधून एक माणूस ओरडला, इतका जवळून की प्रितेश दचकला.

"अगो, माईक तोंडाजवल धर! आवाज येत न्हाय तुजा. एवढी नावाची धवलारीन, नि माईक धराया येत न्हाय?"

मागे बायका हसल्या. मग अगदी बारीक, खरखरीत, सीताबाई म्हणाली, "धरते."

तो काळूरामचाच आवाज होता. हे बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. आता आठवलं, सगळं आठवलं. मिक्सरवर तिच्या आवाजाची रेघ वर येत नव्हती, म्हणून तो तिच्याकडे गेला होता. तिच्या हातातला माईक काढून घेऊन ठोकून पाहिला, वायर बदलली, तरी रेघ वर येईना, तेव्हा वैतागून हौसाचा आवाज वाढवला होता. तीस वर्षांचा साऊंडवाला. आवाज येत नाही म्हणजे वायर गेली, एवढंच त्याला समजलं. बाईचा गळा गेला असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वर चारचौघांत तिला बोलला. लेकीच्या हळदीला.

रेकॉर्डिंग पुढे चाललं होतं. उजव्या बाजूला शेवटपर्यंत श्वासच होता. प्रितेशने न सांगता बंद केलं आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली. काळूरामने ती हातात धरली, उघडली नाही.

कुणाल घाम पुसत आत आला. "मग? हाच ना?"

काळूराम उठला आणि त्याने दुसऱ्या मशीनवर हात ठेवला. "ह्यो घे."

"अरे पण यात तुझं बॅलन्सचं बटण नाही ना? आणि मघाशी म्हणालास, गर्दी गाते म्हणून?"

"गाऊ दे," काळूराम म्हणाला. "पिक्चर चांगला दिसतो त्याच्यावर."

पिक्चर आवाजाच्या मशीनवर दिसत नाही, हे कुणालने बोलून दाखवलं नाही. प्रितेशने खोकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी काळूराम रिक्षा करून कोनला हौसाकडे गेला. ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. त्याला पाहून तिने पदर सावरला आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"कवापास्न व्हता तिला?" त्याने बसायच्या आधी विचारलं.

हौसाने कसला म्हणून विचारलं नाही. "दिवालीपास्न, भावजी. पानी गिलताना बी दुखायचा."

"मंग गायाला कशाला बसली? तू एकटी गायची."

"धवला मधीच तुटला तं देव अरध्या वाटंवर ऱ्हातान. मानसा बोलतान, नवरीचा धड व्हनार न्हाय. नि सोताचे पोरीच्या हलदीला धवलारीनच मुकी, असं पोरीच्या सासरी कललं असतं तं? मना बोलली, हौसे, तू उचल, मी तोंड हालवते. शपत घातलीन."

"मना सांगायचा व्हता."

हौसाने सूप पुन्हा पुढे ओढलं. तिला खोटं बोलता आलं असतं, पण इतकी वर्षं गप्प राहून तिने सगळं खोटं वापरून टाकलं होतं.

"दोनदा आलती तुमाला सांगाया. हलदीचे आदले दिवशी. तुमी बॉक्स लावत व्हता. बोललात, नंतर सांग."

काळूराम तिथेच ओट्यावर बसला आणि रडला. वयाला, रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला न जुमानता, मोठ्याने रडला. आयुष्यभर तिच्यासाठी आवाज बंद करत आलो, असं त्याला वाटत होतं. ती स्वतःचं काही सांगायला आली, तेव्हा त्याला वायरी होत्या. हौसाने त्याची समजूत काढली नाही. ती आत जाऊन चहा टाकून आली.

घरभरणीला अर्धी कशेळी लोटली. पूजा झाली, जेवणं झाली, आणि दुपारी घरातली माणसं तेवढी वरच्या खोलीत जमली. उन्नती नवऱ्याला घेऊन पुढच्याच खुर्चीवर बसली होती. हौसाही आली होती; ती खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून खाली बसली.

काळूरामने रिमोट हातात घेतला. रुमालातला पेन ड्राइव्ह मशीनला लावून त्याने बटण दाबलं. सगळ्या भिंतींतून धवले उमटले. कुठून येतायत ते कळत नव्हतं, कोणाचा आवाज कुठला तेही कळत नव्हतं. मांडव भरला होता, देवांना बोलावणं चाललं होतं, आणि उन्नती तोंडावर दोन्ही हात धरून ऐकत होती. काळूरामने तिच्याकडे एकदाच पाहिलं. एका ठिकाणी, जिथे त्याचा ओरडा होता, तिथे त्याने रिमोटवर बोट दाबून आवाज खाली नेला, आणि बायकांचं हसणं संपल्यावर पुन्हा वर आणला. सवयीचा हात होता, कोणाच्या लक्षात आलं नाही.

संपल्यावर उन्नतीने डोळे पुसले. "आबा, आता एकटीचं लाव ना. तू म्हणाला होतास."

"ह्या मशीनला बॅलन्सचा बटन न्हाय, बाय," काळूराम म्हणाला.

"नाही?"

"न्हाय. पिक्चरचा हाय ना ह्यो."

कुणालने बापाकडे पाहिलं. काहीतरी त्याला कळलं असावं, किंवा काहीच कळलं नसावं. उन्नती थोडा वेळ हिरमुसली. मग उठून हौसाजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि तिच्या गळ्यात हात टाकला.

"असू दे. तरी किती खणखणीत आवाज होता गं आईचा! शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मावशी, तुझा तर कुठे ऐकूच येत नाही त्यात."

हौसाने मान वर केली. तिची आणि काळूरामची नजर एकदाच भेटली.

"तुजे आयसपुढं माजा कवा आईकलाय कोनी?" हौसा म्हणाली, आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

उन्नती म्हणाली, अजून एकदा लाव. काळूरामने लावलं.